धाकट्याचं मशीन सुरू होईना

सोमवार, ४

आज खोकी आली. धाकट्याने ती जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली, सगळ्यांत मोठं खोकं उघडलं आणि नाक आत घातलं. "दादा, नव्या मशीनचा वास बघ. तुला नव्या पुस्तकाचा येतो ना, तस्सा." मीही वास घेतला. मला पुठ्ठ्याचाच आला, पण हो म्हटलं.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. जन्मभर त्याने इस्पितळांतली क्ष-किरणांची यंत्रं दुरुस्त केली. मी टपालाच्या कचेरीत पत्ते वाचून पत्रं वेगळी करायचो, म्हणजे न पाहिलेल्या गावांची स्वप्नं बघायचा मला पगार मिळायचा. मी लग्न केलं नाही, त्याची बायको गेली, आणि तेव्हापासून त्याच्या घरातली अंगणाकडची खोली माझी. संध्याकाळी आम्ही दोघं ट्रक चालवतो. खराखुरा नव्हे, कॉम्प्युटरवरच्या खेळातला. धाकटा स्टिअरिंग धरतो, मी शेजारी बसून पाट्या वाचतो आणि आभाळ बघतो. दोन म्हातारे असला खेळ खेळतात म्हणून लोक हसतात. हसोत बापडे.

ही सगळी खरेदी माझ्या ढगांपायी. त्या खेळात ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकतात म्हणे, पण पडद्यावर चित्रं उमटवणारं आमचं कार्ड जुनं, त्यामुळे आमच्या रस्त्यावर ढग नुसते चिकटवल्यासारखे. मी एकदा सहज बोलून गेलो, की शाळेत असताना सावल्यांच्या पाठीमागे धावायचो. झालं, धाकट्याने मनावर घेतलं. नवं कार्ड, त्याला पेलेल असा नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, त्याच्यावरचा भलामोठा पंखा.

त्याच्या कामाची एक रीत आहे. एकाने पायरी वाचायची, दुसऱ्याने ती करायची आणि 'झालं' म्हणायचं. 'झालं' कानावर आल्याखेरीज पुढची ओळ वाचायची नाही. इस्पितळात यंत्र उघडताना त्यांची अशीच पद्धत होती. एवढ्या विजेशी गाठ, तिथे 'झालं'ला देवाच्या शपथेइतकी किंमत. माहितीपुस्तिका इंग्रजीत, मी आपल्या भाषेत करत वाचत होतो. दुपार छान होती, मला लहर आली, आणि मी मजकूर कवितेच्या चालीवर म्हणायला लागलो. 'प्रोसेसरची वायर आठ पिनांची, मागुनी आणा, कोपऱ्यात खोचा,' हे दिंडीच्या चालीत असं काही फक्कड बसलं की धाकटा खो खो हसला. म्हणाला, "मास्तर असते तर तुला बाकावर उभा केला असता." मग म्हणाला, "झालं." मी पुढे गेलो.

संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. मागच्या बाजूला वायरी त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने बांधल्या, टाके घालावेत तशा सारख्या अंतरावर. मग बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच. 'सिग्नल नाही' एवढी तीन सेकंदांची पाटी, आणि पुन्हा काळोख.

"होतं असं," धाकटा म्हणाला. "नवीन आहे, बुजलंय."

मंगळवार, ५

काळाच.

दुपारी पुतणी आली. ती गाडी शिकवायचे वर्ग चालवते, आणि लहानपणापासूनच सगळ्यांना शिस्त लावत आली आहे, म्हणून घरात तिला मास्तरीण म्हणतात. टेबलावर स्क्रू, वायरी आणि उघडं मशीन बघून म्हणाली, "काय हो, पोस्टमॉर्टेम चाललंय?"

"पोस्टमॉर्टेम मेलेल्याचं करतात," धाकटा म्हणाला. "हे जिवंत आहे. बोलत नाहीये इतकंच."

मग तिने खुर्ची ओढली आणि गाडीचा विषय काढला. गेल्या आठवड्यात धाकटा दिवे आणायला गाडी घेऊन गेला आणि दिवे घेऊन चालत घरी आला. गाडी दुसऱ्या दिवशी मास्तरणीला दुकानासमोर सापडली, काच उघडी. तेव्हापासून चावी तिच्या पर्समध्ये आहे. धाकटा म्हणाला होता, हवा छान होती, चालावंसं वाटलं. मला ते पटलं होतं. मलाही कितीदा वाटतं, सगळं सोडून नुसतं चालत सुटावं. ती मात्र ऐकेना.

"बाबा, मी एका डॉक्टरांचं नाव काढलंय. नुसते बोलतात, काही विचारतात. सुई नाही, काही नाही."

"मला काय धाड भरलीय?"

"नसेल भरली तर तसं सांगतील."

"तू आपली तुझ्या शिकाऊ लोकांना ब्रेक कुठे ते सांग."

"सांगते ना. पण गाडी कुठे लावली ते त्यांचं त्यांना माहीत असतं."

हे जरा लागलंच. मी उगाच पुस्तिकेची पानं उलटत बसलो. धाकटा स्क्रूड्रायव्हर फिरवत होता, तो त्याने खाली ठेवला.

"पैज लाव. रविवारपर्यंत हे मशीन मी सुरू करतो. केलं, तर गाडीची चावी परत माझ्याकडे आणि त्या डॉक्टरांचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. नाही जमलं, तर तू नेशील तिथे मुकाट येतो."

"दुकानातल्या माणसाला बोलवायचं नाही."

"माझ्या मशीनला परका हात? वेडी आहेस का?"

"आणि काकांची मदत?"

"दादा वाचतो फक्त. त्याच्या वाचण्याने काही बिघडतही नाही आणि सुधारतही नाही."

दोघांनी हातावर हात मारला. मला मौज वाटली. किती दिवसांनी बापलेकीत अशी पैज लागली! ती लहान असताना जिना उतरण्यावरूनसुद्धा लावायचे. मास्तरीण मात्र हसली नाही. जाताना फाटकापाशी मला म्हणाली, "काका, तुम्ही लक्ष ठेवता ना?" मी म्हटलं, चोवीस तास. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी भलतंच उत्तर दिलं असावं.

गुरुवार, ७

काल सगळं मोकळं केलं आणि पुन्हा जोडलं. आजही तेच. बिघाड शोधायची धाकट्याची तऱ्हा अशी, की अंगावरचं सगळं उतरवायचं आणि एकेक चढवत जायचं. नवं कार्ड काढलं. रॅमची एकच पट्टी ठेवली. नाण्याएवढी बॅटरी काढून थोडं थांबून परत घातली. पडद्याची केबल बदलली. काळोख काही हटेना.

रॅमची पट्टी त्याने काढली, फुंकली, बसवली. मग चहा झाला. मग पट्टी काढली, फुंकली, बसवली.

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुन्हा काय?"

चांगला गाणारा ध्रुवपदावर परत परत येतो, तसा हा. जुन्या काळची माणसं काम असंच करत. हल्ली कोणाला एवढा धीर असतो?

आणखी एक गोड गोष्ट. नव्या कार्डाला तो 'ट्यूब' म्हणतो. "दादा, ट्यूब नीट बसली का बघ." क्ष-किरणांच्या यंत्रातली ट्यूब. दोनदा म्हणाला. शब्दांचंही म्हाताऱ्या माणसांसारखंच असतं, जुन्या घराकडे पाय आपोआप वळतात.

मी पायऱ्या पहिल्यापासून वाचत होतो, आज साध्या आवाजात. आठ पिनांच्या ओळीशी आलो तसा तो म्हणाला, "ते झालंय. पुढे."

संध्याकाळी त्याने बाजूचा पत्रा जोरात आपटला. मी दचकलो. यंत्रावर हात उगारणाऱ्या पोरांना याने नोकरीतून घालवलं होतं, असं तोच सांगायचा.

"मी असा नव्हतो रे," तो म्हणाला.

"अरे, मशीन हट्टी आहे, तू काय करणार?"

"मशीनला हट्ट नसतो, दादा. मशीन सांगत असतं. मलाच ऐकू येत नाहीये."

मी त्याला विचारलं, ट्रकचा पुढचा टप्पा कुठला होता, आठवतो का? बंदर की खाण? म्हटलं, मन रमेल. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "तू सांग." मला वाटलं, माझी परीक्षा घेतोय. मी बरोबर सांगितलं.

शुक्रवार, ८

काहीतरी झालं आहे, आणि ते कोणाला सांगावं कळत नाही, म्हणून इथे लिहितो.

दुपारी धाकटा झोपला होता. खिडकीतून ऊन त्या उघड्या मशीनवर पडलं होतं आणि टेकडीवरून गाव दिसावं तसं ते आत दिसत होतं. चौकोनी घरं, सरळ रस्ते, मधोमध तो पंख्याचा मनोरा. मी खुर्ची ओढून बघत बसलो. वरच्या डाव्या कोपऱ्यात, मनोऱ्याच्या आड, एक छोटी खाच दिसली. आठ भोकांची. रिकामी.

मी टॉर्च आणला. चष्मा पुसला. रिकामीच.

पुस्तिका काढली. तीच ती ओळ. वायर कुठे गेली म्हणून मागच्या बाजूला पाहिलं, तर इतर वायरींच्या जुडीत ती नीट बांधलेली, तिचं टोकही दोऱ्याखाली व्यवस्थित दाबलेलं. एवढी सुबक बांधणी, की हिला कुठे जायचं होतं असा संशयही येऊ नये.

मग माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्याने 'झालं' म्हटलं होतं. मी ऐकलं होतं. नाही, मीच ओळ गाळली असेन. पण गाळली कशी? चालीवर म्हटली होती आणि तो हसला होता. मग हसण्याच्या नादात राहून गेलं. म्हणजे चूक माझ्या चालीची. कामाच्या वेळी गाणी म्हणायची कुणी सांगितली होती? शाळेतही मास्तर म्हणायचे, हा मुलगा गणिताच्या तासाला कविता म्हणतो आणि कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघतो.

पण काल त्याने पुन्हा म्हटलं, "ते झालंय." काल तर मी गायलो नव्हतो.

हे वाक्य मी खोडणार होतो. राहू दे.

वायर खाचेत बसवली तर मशीन सुरू होईल, एवढं मलाही कळतं. सुरू झालं की धाकटा पैज जिंकेल. चावी मिळेल. मास्तरणीचं तोंड बंद होईल आणि घर पूर्वीसारखं होईल. त्याला उठवून दाखवावं, तर त्याचा चेहरा कसा होईल ते मला बघवणार नाही. न दाखवावं, तर रविवारी हरेल. तिसरी वाट एकच आहे, आणि ती कोणी बघत नसताना करायची आहे.

शनिवार, ९

केलं.

तो दाढी करत होता. मी वीज बंद केली, प्लग काढला, तेवढं शिकलोय. दोऱ्याची गाठ सुटता सुटेना. नखं मोडली. शेवटी सुटली. वायर मागून वर घेतली, मनोऱ्याच्या कडेने बोट घातलं आणि ती 'टक' करून बसली. इतका समाधानाचा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. बाकीची जुडी परत बांधायला हवी होती. त्याच्यासारखी गाठ कुठली जमायला? बुटाच्या नाडीचं बांधतो तसं फूल बांधलं. वाईट दिसत नव्हतं.

संध्याकाळी म्हटलं, "आज पहिल्यापासून नको. नुसतं बटण दाबून बघ. मूड असेल त्याचा." त्याने माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

एक बारीक 'टुक' झालं आणि पडदा उजळला. मी टाळ्या वाजवल्या! अक्षरं धावायला लागली, मग आमचा ओळखीचा निळा पडदा आला. "जिंकलास! धाकट्या, जिंकलास!"

त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. टॉर्च घेतला, समोरून आत पाहिलं. मग मशीन फिरवून मागची बाजू बघितली. पुष्कळ वेळ बघत होता. मी आपला बडबडत होतो, की कशी शेवटची फुंकर लागू पडली. त्याने पत्रे लावले, सगळे स्क्रू एकेक करून पिळले आणि हात धुऊन आला.

"दादा, आज तू चालव."

मी कधीच चालवलेलं नाही. पण त्याने मला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझ्या जागी बसला. काय सांगू! शेतांवरून खरोखरच सावल्या सरकत होत्या. टेकडीवर चढताना काळवंडून जायचं आणि पलीकडे उतरताना सगळं पिवळंधमक. मी बघत राहिलो आणि ट्रक शेतात गेला. एरवी तो खिजवून खिजवून जीव नकोसा करतो. आज म्हणाला, "हळू मागे घे. घाई नाही."

बराच वेळ तो पाट्या वाचत होता. आवाज खोल होता. दमला असेल बिचारा, आठवडाभर झटला. मास्तरणीला फोन करून कळवू का विचारलं, तर म्हणाला, "उद्या येणारच आहे की."

मला मात्र फार दिवसांनी हलकं वाटतंय.

रविवार, १०

मास्तरीण दारात चपला काढत होती तेव्हाच मी ओरडलो, "सुरू झालं!" तिने आत येऊन पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी उतरला आणि मग घाईघाईने हसरा झाला. ही मुलगी बापाच्या जिंकण्याने खट्टू का व्हावी, मला राग आला.

"जिंकलात बाबा," ती म्हणाली. पर्समधून चावी काढून टेबलावर ठेवली.

धाकट्याने ती एका बोटाने तिच्याकडे सरकवली.

"मी नाही केलं."

"म्हणजे?"

"सुरू आहे. पण मी नाही केलं."

"अरे, बटण तूच दाबलंस की!" मी म्हटलं. "मी समोर होतो. सांग तिला..."

"दादा, तू गप्प बस."

उभ्या आयुष्यात तो मला असं बोलला नव्हता.

"कधी जायचं तुझ्या डॉक्टरांकडे ते ठरव," तो मास्तरणीला म्हणाला. "आणि गाडी शिकायच्या वर्गाला लाव. इथे उभी राहून गंजेल." ती "चहा टाकते" म्हणून स्वयंपाकघरात गेली. चहा यायला फार वेळ लागला. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

ती गेल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो.

"मेणाच्या दोऱ्याला फूल कोण बांधतं रे?" तो म्हणाला.

मी खाली बघितलं. "मला तुझी गाठ येत नाही."

"चाळीस वर्षं मी एकच गाठ मारतोय. मला माझी ओळखू येणार नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच. पण वायर राहिली याचं नाही. वायर कुणाचीही राहते. दादा, ती बसवल्याचं मला आठवतंय. आत्ताही आठवतंय. अंगठा कुठे ठेवला, किती जोर लावला, सगळं. आणि ती बसवलेलीच नव्हती." पुढे म्हणाला, "गाडी चालत आणल्याचंही मला असंच आठवेल, एखाद्या दिवशी."

मी म्हटलं, गाडी चालत नाही आणत. तो हसला. मग त्याचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"एक कर. यापुढे माझं चुकलं की तिथल्या तिथे सांग. चारचौघांत असलं तरी सांग. मी चिडलो तरी सांग. पण मागून येऊन गुपचूप नीट करून ठेवू नकोस. तसं केलंस तर मी कुठवर आलोय ते मला कळणारच नाही."

मी हो म्हटलं. त्याला बरं वाटेल असं काही म्हणावं म्हणून शाळेतल्या सगळ्या कविता मनात चाळून पाहिल्या. त्यांत आई आहे, नदी आहे, लढाईवर निघालेला शिपाई आहे, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा आहे. धाकट्या भावाशी काय बोलावं ते कुठेच नाही.

बुधवार, १३

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मास्तरीण गाडी लावायला जागा शोधत होती, म्हणून आम्ही दोघं पुढे गेलो. धाकट्याने इस्त्रीचा सदरा घातला होता, भांग पाडला होता. मीही नवा कोट घातला होता. दोघंही अगदी कुणाला बघायला निघाल्यासारखे. आत पांढऱ्या भिंती, हिरव्या खुर्च्या, आणि काचेच्या खिडकीमागे नावं लिहून घेणारी मुलगी.

"पेशंट कोण?" तिने विचारलं.

धाकट्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत होता का? चेहऱ्यावरून काही कळेना. हसू नव्हतं, गोंधळही नव्हता, मोठ्या भावाला दवाखान्यात घेऊन आलेल्या धाकट्या भावाचा असतो तसा काळजीचा, जबाबदार चेहरा होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते खरं वाटलं असणार. दोघांत म्हातारा मीच दिसतो. माझ्या तोंडात 'हो' आलंच होतं. काय बिघडलं असतं? मी आत गेलो असतो, चार प्रश्नांची उत्तरं दिली असती, आणि त्याला तेवढा वेळ त्या हिरव्या खुर्चीत मानाने बसता आलं असतं. मागे रांगेत माणसं उभी होती. ती ऐकत होती.

"मी नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. "मी नाही रे. तू. तुला दाखवायला आलोय आपण."

त्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला. मग तो खिडकीकडे वाकला आणि त्या मुलीला शांतपणे म्हणाला,

"माझं नाव लिहा. हा माझा मोठा भाऊ. हा सांगतो ते बरोबर असतं."